‘मान्य’ मीच दाबलं होतं

९ फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्यांनी बघितलं.

सगळ्यांनी म्हणजे मलप्पा भावजी, जाऊबाई, त्यांचा जावई, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि हे. भावजी ह्यांचे चुलतभाऊ, देगलूरहून वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आले होते. मी आत चुरमुऱ्यांचा सुशीला परतत होते. हॉलमध्ये नवा टीव्ही चालू. कोणी काही बघत नसलं की तो आपला आपण फोटो दाखवायला लागतो. आमच्या लेकीच्या, अक्षराच्या कॉलेजचे, शेतातल्या हरभऱ्याचे, माहूरला गेलो होतो तेव्हाचे. खाली बारीक आवाजात संगीत. मी प्लेटा घेऊन बाहेर आले तर पडद्यावर माझी छाती. उघडी. पन्नास इंच.

चेहरा नव्हता त्यात. पण माझं मंगळसूत्र होतं आणि मागं आमचंच कपाट.

भावजी स्वतःच्या पायाकडं बघत बसले. जावयानं खिशातून मोबाईल काढला. ह्यांनी रिमोट शोधून घाईत भलतंच बटण दाबलं — तो फोटो तिथंच थांबून राहिला. शेवटी ह्यांनी उठून पीनच उपटली.

मी प्लेटा टीपॉयवर ठेवल्या. म्हणाले, “खाऊन घ्या, गार होईल.” त्यांनी खाल्लं. मान खाली घालून, सगळं खाल्लं. परत कोणी मागितलं नाही.

१० फेब्रुवारी

शाळेत ताप म्हणून कळवलं.

तो फोटो कशाचा, हे निदान इथं तरी लिहावं. डिसेंबरात अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. वाटलं, जाईल. गेली नाही. वरच्या कातडीला खळी पडल्यासारखं झालं. ह्यांना सांगितलं नाही, आत्याबाईंना तर नाहीच. कॉलेजातली मैत्रीण धम्मप्रिया नांदेडला डॉक्टर आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, उद्याच ये. मी म्हणाले, परीक्षा आहेत शाळेच्या. मग ती म्हणाली, “बरं, फोटो तरी पाठव. खळी बघू दे मला.” दार लावून काढला, पाठवला आणि लगेच खोडून टाकला. खोडला म्हणजे खोडला, असंच मला वाटलं.

आत्याबाई माझ्या हातचा चहा घेतात, पण वर बघत नाहीत.

११ फेब्रुवारी

हे दुपारी जेवायला आले. हात धुताना पाठमोरेच विचारलं, “कोणाला पाठवला होता?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. एकवीस वर्षांचा संसार. मी मोबाईल आणला, धम्मप्रियाचं सगळं बोलणं उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

“मला का नाही सांगितलं?”

काय सांगणार. लाज वाटली, एवढंच.

ते न जेवताच दुकानात गेले. जाताना उंबऱ्याशी म्हणाले, “मी असलं काही विचारायला नको होतं.” म्हणजे आता त्यांनाही लाज. घरात दोघं माणसं, दोघंही खाली बघणारी.

१३ फेब्रुवारी

टीव्ही कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकलं. मग पुनम नावाची मुलगी आली. गोड बोलत होती.

“मॅडम, आपल्या खात्यावरून अकरा नोव्हेंबरला फोटोंची परवानगी दिलेली दिसते.”

“मी फोटो खोडला होता.”

“मोबाईलमधून खोडला मॅडम. अल्बममधून नाही.”

“अल्बम मी केलाच नाही.”

“तो आपोआप होतो मॅडम.”

“मग तुम्ही खोडा.”

“आम्हाला आपले फोटो बघता येत नाहीत. आपल्या खासगीपणाची काळजी घेतो आम्ही.”

मी हसले की रडले, आठवत नाही. तिनं विचारलं, “कशाचा फोटो होता मॅडम?” मी म्हणाले, घरचा.

अकरा नोव्हेंबर खरंच आहे. त्या दिवशी टीव्ही आला. हे म्हणाले, “उज्वला, तूच कर. मोबाईलमधलं सगळं तुलाच कळतं.” भाव खात बसले होते मी सोफ्यावर. एकामागून एक इंग्रजी पानं आली, प्रत्येकाच्या खाली ‘मान्य’. एकही वाचलं नाही. सातआठ वेळा तरी दाबलं असेल. मी, विज्ञानाची बाई. पोरांना सांगते, प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

१४ फेब्रुवारी

पुनमनं सांगितल्याप्रमाणं अल्बममधून खोडला. तर तो कचऱ्याच्या डब्यात गेला, आणि डब्यात तीस दिवस राहणार म्हणे. तिथूनही काढला. तरी कंपनीकडं कुठं राहिला असेल, कोण जाणे. टीव्हीची पीन काढलेलीच आहे. आत्याबाई संध्याकाळी प्रवचन ऐकायच्या, तेही बंद. मागत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

धम्मप्रियाचा फोन. आता ऐकणार नाही म्हणाली. मंगळवारची वेळ घेतलीय, मशीनवर तपासणी आणि लागलंच तर सुईनं तुकडा. हे म्हणाले, दुकान बंद ठेवतो, सोबत येतो. मी म्हणाले, नको, एकटी जाते. कसंबसं ऐकलं त्यांनी.

त्यांच्यासोबत तीन तास एका सीटवर बसायचं, तेच नको होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले होते. तपासणी केली नाही.

काउंटरवरच्या मुलीनं माझ्यासमोर टॅब सरकवला. “इथं टच करा मॅडम.” इंग्रजी पान, खाली ‘मान्य’. मी विचारलं, “मशीनमधला फोटो कुठं जातो?” ती म्हणाली, “सिस्टीममध्ये.” “सिस्टीम म्हणजे कुठं?” तिला माहीत नव्हतं. मागं रांग होती. एक आजोबा म्हणाले, “दाबा ना ताई, सगळेच दाबतात.”

बोट उचललं, पण खाली जाईना. वॉशरूमला जाऊन येते म्हणाले आणि सरळ रस्त्यावर आले. स्टँडवर मुखेडवरून जाणारी उदगीरची गाडी लागलेली होती, बसले. धम्मप्रियाचे सहा फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

ह्यांनी दारातच विचारलं, “झालं?”

म्हणाले, झालं. रिपोर्ट आठ दिवसांनी.

२० फेब्रुवारी

हे रोज माझ्यासाठी डाळिंब आणून राहिलेत. स्वतः सोलतात, वाटीत दाणे काढून ठेवतात. त्यांना ते जमत नाही, सगळ्या शर्टावर डाग. मी ते दाणे खाते आणि खोटं बोलते.

गाठ जरा मोठी वाटते. की भास आहे?

२२ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर आलं. “आपल्या तक्रारीची तपासणी केली असता उत्पादन अपेक्षेप्रमाणे काम करत असल्याचे आढळले. तक्रार बंद करण्यात येत आहे.” खाली पाच चांदण्या — आमच्या सेवेला किती द्याल?

वास्तुशांतीला हे एकटेच गेले. जाऊबाईंनी माझी चौकशी केली म्हणे. कोणत्या तोंडानं केली असेल?

आत्याबाई दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही वेळेला तशाच परत गेल्या. वाटतं, आता त्या म्हणणार — असल्या बाईच्या हातचं जेवण नको. म्हणून टाकावं एकदा, म्हणजे सुटले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज पूजा झाल्यावर आत्याबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. कडी लावली. पदर काढला, चोळीची गाठ सोडली आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या, “तुझं टीव्हीत बघितल्यापासून इचारावं का नको, असं होऊन राहिलं. सिद्धूकून कळलं, ती बाई डाक्टरीन हाय. तिला माझा फोटू पाठवला तर सांगते का गं, काय हाय ते? माझंबी तसंच हाय. तीन साल झाले.”

तसंच नव्हतं. लई पुढं गेलेलं. मी हात लावला तर दगड. खालून कपडा बांधलेला, ओला.

म्हणाल्या, “सिद्धूला सांगू नको. लेकाला काय सांगायचं असलं.”

मी त्यांची चोळी नीट बांधली, बाहेर आले आणि दुकानात फोन लावून ह्यांना सगळं सांगितलं. त्यांचं. आणि मी तपासणी न करताच परत आले, तेही.