हौसाक्कांच्या म्हशीसाठी एक कुपी

गारगोटी, १६ नोव्हें. १९८३
पुण्याच्या मित्राकडून पार्सल. प्रोस्टाग्लँडिनची एकच कुपी! कॉलेजात नुसतं नाव वाचलेलं. मित्रा, तुझे उपकार कसे फेडू. खरं तर जनावराचं गर्भाशय हे स्वतःच बनवतं, मेदाम्लापासून. काम निरोप्याचं: पोट रिकामं आहे, पुन्हा माजावर ये. हौसाक्कांची म्हैस दोन वर्षं भाकड. त्यांचा मुलगा ती विकायला निघालाय. परवा जायचं.

१८ नोव्हें.
म्हशीला हात घालून तपासलं. इंजेक्शन लागू पडेल अशी लक्षणं. नेहमीसारखं दरडावून विचारलं, "रेडा दाखवला नाही ना?"
"न्हाय की."
कुपी फोडली, सिरिंज भरली. हौसाक्का म्हणाल्या, "ह्यानं हुतंय तरी काय?" खुशीत होतो, सगळं सांगितलं.
"आन् पोटात रेडकू आसंल तर?"
"पडेल."
बाईंनी मनगटच धरलं. "थांबा डाक्टर. लबाड बोललो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात सोडलेला देवाचा रेडा दावलाय. तुमी वरडता म्हनून..."
जेमतेम महिना. एवढ्यात हाताला काय कळणार? सिरिंज मातीत रिकामी केली. मुलगा भडकला, "म्हयनाभर बघतो. न्हाईतर बाजार."


१९ नोव्हें.
चूक माझीच. कृत्रिम रेतन सोडून गावचा रेडा दाखवला की मी शिव्या घालतो, हे अख्ख्या तालुक्याला पाठ. लोक लपवतील नाही तर काय. बाईंनी मुलादेखत खरं सांगितलं. त्यांचे पाय धरावेत असं वाटतं. मित्राला पत्र टाकलं, कुपी कशी गेली ते सगळं. दुसरी मिळणं कठीण.

८ डिसें.
हौसाक्का दवाखान्यात. "आजून माज दावला न्हाय बगा." माज नाही म्हणजे गाभण असेल; पण म्हशीचा माज मुका, बाहेर दिसेलच असं नाही. म्हटलं, दोन महिने भरले की हात घालून बघतो. त्यांनी पदराखालून नवा गूळ काढला. "तुमचं औशीद वाया घालवलं, म्हनून." उलट मीच त्यांचे आभार मानायला हवेत.
आज एका शेतकऱ्याला रेड्याबद्दल हळू आवाजात विचारलं. लगेच खरं बोलला!

१७ डिसें.
रेडा दाखवून दोन महिने पुरे. आता हाताला कळेल. उद्या जायचं, परवा बाजार. रिकामी निघाली तर तिचं औषध मीच मातीत ओतलं. गाभण निघाली तर...
सौ. म्हणते, "एका म्हशीचं एवढं काय?" गूळ मात्र रोज खाते.
तपासायच्या हाताची नखं कापून ठेवली.