कॅलेंडरवरचा फोटो

३ जून
कर्ज आलं! कंपनी फक्त बायकांच्या गटाला देते, म्हणून सही बायकोची. डोकं अर्थात माझं. धाकट्या भावाच्या बायकोनेही तेवढंच घेतलं. तिला शिवणातलं काय कळतं? उशांचे अभ्रे शिवते. मी जेंट्स टेलर! वर्षअखेरीला कंपनी यशस्वी कर्जदाराचा फोटो कॅलेंडरवर छापते. शर्ट ठरवून ठेवलाय.

९ जून
दुकानाला काचेचं दार, फिरती खुर्ची, लाइटवाली पाटी. धाकटीने घेतली कापडाच्या कडा शिवायची ओव्हरलॉक मशीन. तीही सेकंडहँड! हसू आवरेना.

२ जुलै
गिऱ्हाईक नाही. दार बघून बिचकत असतील. धाकटीला शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर मिळाली. त्यात कसली आलीय कला? जळत-बिळत नाही मी. फक्त झोप लागत नाही.

२१ जुलै
हप्ता चुकला. एकीचा चुकला की गटाने भरायचा, असा नियम. धाकटीने भरला. मुद्दाम, चारचौघींत! वर बायकोला म्हणाली म्हणे, जाऊबाई, मनाला लावून घेऊ नका. माझ्या मनाला लागलं त्याचं काय?

१८ ऑगस्ट
हप्त्यासाठी बायको धाकटीकडे काज-बटणाला जाते. मी परवानगी दिली. ती गेल्यावर.

६ सप्टेंबर
भाडं थकलं, दुकान सोडलं. दार मालकाने ठेवून घेतलं. खुर्ची विकली. तशीही पाठ दुखायची.

१५ ऑक्टोबर
धाकटीकडे जातो. नोकरी नव्हे, घरचा माणूस म्हणून सल्लागार. सल्ला अजून कोणी मागितला नाही, तोवर इस्त्री करतो. तिचं दुकान भरलेलं बघून अंगाची नुसती आग होते. इस्त्रीचीच धग असावी.

२ डिसेंबर
कंपनीचा फोटोवाला आला. धाकटीसाठी! मी ठरवलेला शर्ट घालूनच गेलो होतो. तो म्हणाला, काका, जरा बाजूला. सरकलो. मग हळूच थोडा परत आत आलो.

२९ डिसेंबर
कॅलेंडर आलं. मधोमध धाकटी. कडेला इस्त्री धरलेला एक हात, कोपरापाशी कापलेला. बायकोने लगेच ओळखला. शर्ट मीच शिवलाय, कफ काय सुंदर बसलाय!

धाकटीही बघत राहिली. दादा, हा कफ तुम्ही शिवलात? फुल बाहीच्या युनिफॉर्मला अस्साच हवा, म्हणाली. मी लगेच शर्टच आणून दाखवला.

सोमवारपासून मला इस्त्रीवरून मशीनवर घेतलंय. पगारी. फक्त कफ. कॉलर ती स्वतःच शिवते.