लक्ष्मीच्या माळेतल्या एकवीस पुतळ्या

मी, लवू राजाराम परब, वय वर्षे ७४, निवृत्त गिरणी फिटर, राहणार प्रभादेवी, मुंबई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी लक्ष्मी २०२२ साली वारली. मुलगा दीपक आणि मुलगी अक्षदा हे माझे दोनच वारस.

१. चाळ पाडून मिळालेला फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. यावरून ते भांडणार नाहीत. भांडण आहे ते कलम ४ मधल्या वस्तूवरून.

२. माझ्या कानशी, पाने, व्हाइस आणि मायक्रोमीटर दीपकला. महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवावा. विकू नये.

३. मेटल डिटेक्टर आणि नाण्यांची पत्र्याची पेटी माझे मित्र श्री. मनमोहन तळपदे, माहीम, यांना द्यावी. डिटेक्टर दीपकने २०१४ साली आणून दिला, मी घरात बसून कुढू नये म्हणून. रोज सकाळी दादर चौपाटीपासून माहीमपर्यंत वाळू धुंडाळायचो. पहिल्याच आठवड्यात रामपंचायतनाचं एक नाणं लागलं, वर सन १७४०. तिथे फिरायला येणाऱ्या मनमोहनरावांना दाखवलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या नाणी जमवतात. त्यांनी कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "परब, हे पितळेत ओतलेलं आहे. तुमच्यापेक्षा वयाने लहान असेल."

मग त्यांनीच शिकवलं. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ राहते, अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, अक्षरं बोथट येतात. आणि दहा नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर ती सगळी एकाच साच्यातून निघालेली. पूजेची, विसर्जनाची, हारातली अशी १४३ नकली नाणी पेटीत आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी आहे. आमच्या इमारतीतल्या विकास म्हात्रे यांना त्यातलं एकही देऊ नये. कंपनी सरकारच्या नावाचं मारुतीचं नाणं ते चमत्कारी म्हणून विकायला निघाले होते, आणि मी अडवलं म्हणून आजही जिन्यात तोंड फिरवतात. फिरवू देत.

४. लक्ष्मीची पुतळ्यांची माळ. ती गेल्यापासून दीपक आणि अक्षदा यांच्यात हिच्यावरून बोलणं बंद आहे. दीपक म्हणतो घरची वस्तू घरात राहावी, अक्षदा म्हणते आईचं मुलीला. दोघांना ठाऊक नाही ते इथे लिहितो.

२०१७ च्या गणपतीत लक्ष्मीने माळ पुसायला काढली आणि धरायला माझ्या हातात दिली. सवयीने माझं नख कडेवरून फिरलं. रेघ लागली. खिडकीशी नेऊन पाहिलं, तर एकवीसही पुतळ्यांवर वरच्या कडीजवळ एकच खाच. मी माळ परत दिली आणि चहा मागितला. चार दिवस मनात हिशेब मांडला.

हिशेब लागत होता तो ८३ सालाचा. गिरणी संपाचं दुसरं वर्ष, चार वर्षांचा दीपक टायफॉइडने हॉस्पिटलात. औषधांचं माहेरून झालं, असं ती म्हणाली होती. त्यानंतर मी सासुरवाडीला कधी मान वर करून गेलो नाही. पाचव्या दिवशी दुपारी विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान खालीच ठेवून सांगितलं की माळ तेव्हाच विकली आणि लालबागच्या एका सोनाराकडून तशीच पितळेची, वर सोन्याचं गिलीट दिलेली, करून घेतली. नाण्यांच्या नादाने मला कधीतरी कळणार, हेही तिला माहीत होतं. इतकी वर्षं का नाही बोललीस, म्हटलं. ती म्हणाली, "तुमची मान तेवा आधीच खाली होती. आनखी कित्याक वाकवू?"

मी खरी माळ करून देतो म्हणालो. ती नको म्हणाली. अक्षदाच्या लग्नात आपल्या गळ्यात हीच होती, आता दुसरी परक्यासारखी वाटेल, एवढंच तिचं कारण. ती गेली त्या दिवशी बायका म्हणाल्या, अंगावरचं सोनं उतरवा. माळ मी स्वतः काढली. दुसऱ्या कोणाच्या हाताला वजन कळू नये म्हणून.

दीपक, खऱ्या पुतळ्या चौथ्या वर्षीच तुझ्या वाट्याला आल्या. म्हणून ही माळ अक्षदाला.

इथवर लिहून झाल्यावर हे कलम मी गेल्या रविवारी दोघांना समोर बसवून वाचून दाखवलं. माझ्यामागे कळलं असतं तर विचारायला कोणी उरलं नसतं. अक्षदा रडली. दीपक उठून खिडकीशी गेला. म्हणाला, "मला फक्त मोसंबी आठवतात. आई सोलून द्यायची." मग त्याने माळ उचलली आणि बहिणीच्या गळ्यात घातली. मागची फिरकी त्याला लावता येईना, ती सीमाने, माझ्या सुनेने, लावली.

सबब, माळेचा ताबा दिला गेला आहे. माझ्या मृत्यूनंतर ती वाटायची राहिलेली नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: लवू राजाराम परब

साक्षीदार:
१. हितेंद्र य. सावंत, शेजारी, प्रभादेवी
२. डॉ. अनुजा म. कीर्तिकर, दादर

स्थळ: प्रभादेवी, मुंबई
दिनांक: १८ जानेवारी २०२६