रुसायचा पाट

“रडून घे पोटभर, तोवर मी मेथी निवडते,” असं आमची आई, भिमाबाई, मला म्हणाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. मृत्युपत्र असं सुरू करत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. पण माझी मिळकत खरी तिथूनच सुरू होते.

मी, मंगला जीवन आहेर, वय ४६, शिवणकाम, राहणार पंचवटी, नाशिक, ठणठणीत तब्येतीत आणि कुणी मागे न लागता लिहून ठेवते की:

१. माझ्या नावावरचा फ्लॅट यजमानांना हयातभर, पुढे स्नेहल आणि रविराज या मुलांना निम्मा-निम्मा. बाल्कनीवरून भांडाल. खुशाल भांडा, पण समोरासमोर.

२. शिलाई मशीन रविराजला. चौथीत त्याने भांडणात मित्राचं दप्तर फाडलं. मी बळेच माफी मागायला लावली. तो भिंतीकडे बघून पुटपुटला. मग मशीनवर बसवलं. वेडीवाकडी टीप घालून दप्तर द्यायला गेला, तो मित्रालाच जेवायला घेऊन आला.

३. पाटल्या स्नेहलला. पाहुण्यांनी तिला नाव विचारलं की उत्तर मीच द्यायचे. एकदा ती म्हणाली, “आई, माझं नाव मला सांगू दे ना.” आता ती तासतासभर बोलते. गप्प बसणं मात्र अजून मलाच जमत नाही.

४. आईचा सागवानी पाट धाकटी बहीण ललिता हिला, सटाण्याला. माहेरी रुसलेल्याने पाटावर बसायचं आणि दुखावणाऱ्याने समोर जमिनीवर बसून मेथी निवडायची. जुडी संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. अर्ध्यात कुणीतरी हसायचंच. माझ्या मुलांच्या लहानपणी आमच्याकडे साधाच पाट होता, तरी आठवड्यातून तीनदा मेथी व्हायची.

आई गेल्यावर तो पाट मी न विचारता मांडीवर घेऊन बसने नाशकात आणला. ललिता दारात एवढंच म्हणाली, “ताई, एकदा विचारायचंस तरी.” त्याला सहा वर्षं झाली. लग्नाकार्यात आम्ही वेगवेगळ्या पंगतींना जेवतो.

हे मी राजीखुशीने लिहिलं, आणि शेजारच्या दोघांनी माझ्यासमोर चहा घेत सह्या केल्या.

साक्षीदार: १. राजू गांगुर्डे २. शकुबाई मोगल
सही: मंगला जीवन आहेर
नाशिक, दि. १९ जानेवारी २०२६

ता. क. सहीखालचं कायद्यात धरत नाहीत म्हणे, म्हणून हे इथे. ललिता, प्रत तुला आजच पोस्टाने पाठवतेय. मी मरेपर्यंत कशाला थांबायचं? रविवारी पाट घेऊन सटाण्याला येते. तू वर बस, मी खाली बसून मेथी निवडते. तू नको म्हणशील, माहीत आहे. तेव्हा विचारलं नव्हतं, म्हणून आता विचारते. येऊ का?