वखारीच्या काकांची हजेरी

आबा,

आपल्या पाटणच्या टेलिफोनला आता मीटर बसणार असं लोक बोलतात. नव्या एक्स्चेंजची इमारत उभी राहिली आहे. तिथे नंबर विचारायला माणूस बसणार नाही, आपणच चकती फिरवायची आणि लागलेला प्रत्येक फोन बिलात धरला जाणार. आजवर भाडं भरलं की गावातल्या गावात कितीही बोला, कोणी विचारत नव्हतं. घरच्या फोनांना सवलत राहील असंही काहीजण म्हणतात. नक्की कोणालाच ठाऊक नाही. सांगलीला ताईला ट्रंक कॉल लावायचा तर मी आधी वाक्यं मनात जुळवून ठेवते, तसं आता गावातही करावं लागेल, एवढंच शेजारच्यांचं म्हणणं. माझं मन मात्र बातमी ऐकल्यापासून एकाच ठिकाणी अडकून बसलं आहे, वखारीच्या काकांच्या सकाळच्या फोनापाशी.

तुम्हाला तो सांगायला नको, पण मला तो एकदा पहिल्यापासून आठवून बघायचा आहे. रॉकेलच्या एजन्सीमुळे आपल्याकडे फोन आला आणि पाठोपाठ काकांकडे, लाकडाच्या वखारीमागच्या त्यांच्या घरी. त्या दिवसांतली एक सकाळ. मी साताऱ्याहून कॉलेजच्या सुट्टीत आले आहे. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवते आहे. तुम्ही तोंडाला साबण लावून आरशापुढे उभे, आणि भिंतीवरचा फोन वाजतो. तुम्ही टॉवेलने एक कान तेवढा पुसता आणि फोन उचलता. काका एवढ्या मोठ्याने बोलतात की मला चुलीपाशी ऐकू येतं. "हाय का रं?" "हाजिर." "बरं, ठेव मग." "ठेवतो. साबण वाळला माझा." कधी एखादं वाक्य जास्त. "आवाज बसलाय आज, कुनाच्या लग्नात लाडू हानून आलास?" "तुला बोलावलं न्हाई तिथं." पुन्हा दुसऱ्या सकाळी तेच.

एकदा मी हसून म्हटलं, "आबा, बोलायचं काही नसतं तर रोज फोन कशाला? फुकट आहे म्हणून?" तुम्ही वस्तरा खाली ठेवलात. रागावलात की मोठ्याने बोलायचात, त्या दिवशी मात्र आवाज खाली गेला. "फुकट हाय म्हनून न्हवं. लढाईत, इटलीत नदीच्या काठाला हवालदार सकाळी नावं पुकारायचा. आदल्या दिवशी संगं जेवल्याल्याचं नाव यायचं आन उत्तरच यायचं न्हाई. पलटनीत माझ्या गावचा त्यो एकटा, आन त्याच्या गावचा मी. आता नावं पुकारनारं कोन न्हाई, म्हनून आमीच पुकारतो." मग पुन्हा आरशाकडे वळून म्हणालात, "चहा उतू चाललाय." मी चहा उतरवला. पण खरं सांगायचं तर मला पटलं नव्हतं. पैसे पडत असते तर ही पुकारणी किती दिवस टिकली असती, असा विचार तेव्हा मनात आलाच होता.

तुमचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. एक्स्चेंजमधले गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "बाई, हजेरीचा फोन आहे. जोडू का?" मी हो म्हटलं. काकांनी विचारलं, "हाय का?" शाळेत रोज मुलींची हजेरी घेणारी मी, पण मला उत्तर देता येईना. कोणाला विचारत होते ते? तुमच्या जागेवर उभं राहून उत्तर द्यायचा मला काय अधिकार होता? शेवटी मी म्हटलं, "हाजिर." "बरं, ठेव मग," ते म्हणाले. तेव्हापासून एकाही सकाळची हजेरी चुकली नाही.

फोन चुकला तो एकदाच, कोयनेच्या भूकंपाच्या दिवशी. तारा तुटल्या होत्या. आपल्या न्हाणीघराची भिंत पडली होती आणि आळीतली सगळी माणसं अंगणात बसून होती. उजाडलं तेव्हा काका मातीदगडांतून वाट काढत आले, अंगात मिलिटरीचा जुना कोट आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. आत आलेच नाहीत. फाटकापाशी उभे राहून त्यांनी हाक दिली, "हाय का?" त्या दिवशी ते माझ्याकडे बघून विचारत होते. मी हाजिर म्हटलं, आणि ते तसेच वळून गेले. मला वाटतं, मी कॉलेजात असताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सकाळी मिळालं.

आता त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. ओसरीपासून फोनापर्यंत भिंत धरून जातात. परवा "बरं, ठेव मग" म्हणायच्या जागी ते म्हणाले, "पोरी, मीटर बसनार म्हनं." मी म्हटलं, "काका, मी करत जाईन फोन. माझा पगार आहे." ते म्हणाले, "हजेरी मी घ्यायची. हाजिर असनाऱ्यानं घ्यायची नसती." "मग तुमच्या मुलाला सांगते मी." "त्यो काय बोलनार न्हाई. गुमान बिल भरंल. म्हनून तर नगं." मग त्यांनी बेत सांगितला. उचललाच नाही तर मीटर पडत नाही, असं त्यांनी वखारीवर कोणाकडून तरी ऐकलं होतं. "मी दोनदा घंटी वाजवीन आन ठेवीन. तू उचलू नगंस. मी हाय एवढं तुला कळलं." मी विचारलं, "आणि मी आहे हे तुम्हाला कसं कळणार?" ते म्हणाले, "तूबी दोनदा वाजव. मीबी उचलत न्हाई."

त्यांच्या दृष्टीने सगळं जमलं होतं. मला मात्र दिवसभर शाळेत काही सुचलं नाही. नाव पुकारायचं आणि उत्तर द्यायचं नाही, त्याला हजेरी कसं म्हणायचं? तुम्ही नदीकाठचं सांगितलं होतं ते हेच नव्हतं का?

आज सकाळी त्यांनी तालीम घेतली. दोनदाच वाजवा, असं एक्स्चेंजमध्ये सांगून ठेवलं होतं. पहिली घंटा झाली तेव्हा मी फोनापाशीच उभी होते. दुसरी वाजली आणि मी उचलला.

"उचलायचा न्हाई म्हनलं हुतं न्हवं?"

"हो काका."

"मग?"

नुसता तारेचा आवाज येत होता. मग नेहमीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात ते म्हणाले, "बरं, आता उचललाच हायस तर. हाय का?"

"हाजिर."

"उद्या मातुर उचलू नगंस."

मी बरं म्हटलं. हा कागद डायरीतच राहील, म्हणून तुम्हाला सांगते, आबा. उद्याही मी उचलणार आहे.