चौथी पट्टी

पोलादपूर
रविवार, २७ मार्च १९८३

प्रिय हैबती,

जय भीम. 'तू मजेत असशील' असं लिहायला गेले आणि पेन थांबलं. दरवेळी लिहिते, पण या खेपेला ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी शाळेतल्या पोरांनाही फळ्यावर लिहून देत नाही. म्हणून आधी इकडचं सांगते. सावित्रीचं पाणी आटून खडक उघडे पडले आहेत. शाळा सकाळची झाली आहे. आणि आईने गेले आठ दिवस दोन्ही वेळा कुळथाचं पिठलं लावलं आहे, कारण तिला कुणाचा तरी राग आलाय. कुणाचा ते सांगत नाही. माझा असेल, कदाचित तुझाही असेल. पिठलं मात्र घरातल्या सगळ्यांनाच खावं लागतं.

गेल्या रविवारी वीस मार्चला महाडला गेले होते. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आपल्या नेहमीच्या जागी बसून राहिले. गर्दी तर तुला ठाऊकच आहे. कोण कुठल्या गावाहून येतं, भाकरी सोडतं, पोरांना तळं दाखवतं. इतकी वर्षं तू ड्यूट्यांची अदलाबदल करून, तासाभरासाठी का होईना, यायचास. यंदा आला नाहीस. तुझ्या आईला विचारलं, तर ठकूमावशी म्हणाल्या, "त्याला टाइम कुठला गो? कप्तानाचं काम हाय त्याचं. बैलगाडी हाकायची नाय, सगळी मानसं हवेत न्यायाची!" मावशींच्या हिशेबी तू नोकरीला लागलास त्याच दिवशी कॅप्टन झालास. विमानातली डावी खुर्ची कॅप्टनची आणि उजवी त्याच्या हाताखालच्याची, हा फरक त्यांना कोण समजावणार? मी हसून मान हलवली आणि घरी आले.

सगळं गाडं तिथंच तर अडलं ना रे? तुला नोकरी लागली त्या वर्षी तळ्याकाठी तुझा सत्कार ठेवला होता, आणि आपला साखरपुडा होऊन पंधरवडाही झाला नव्हता. फलकावर काशीराम पेंटरने कुणाला न विचारता 'कॅप्टन हैबती' असं लालभडक रंगवून टाकलं. त्याची चूक तरी कशी म्हणायची? आपल्या एस.टी.त दोनच माणसं कामाची, एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. तू तिकिटं फाडत नाहीस, म्हणजे तू ड्रायव्हर. लोक खुशीत होते. तू मात्र माईक धरलास आणि घामाघूम होऊन सगळ्यांना समजावत बसलास की मी कॅप्टन नाही, मी को-पायलट, माझ्या खांद्यावर तीन पट्ट्या आणि कॅप्टनच्या चार. लोक टाळ्या वाजवेनात. मग तुला चेव चढला. म्हणालास, "ज्या दिवशी चौथी पट्टी लागेल त्या दिवशी हा फलक खरा होईल, आणि त्यानंतरच मी मंजुळाशी लग्न करीन." तेव्हा कुठे टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या. खोटा मान नको म्हणणारा नवरा मिळतोय याचाच मला कोण अभिमान वाटला होता! वय बावीस. अक्कल बेताची.

त्याच संध्याकाळी तू मला सीनिऑरिटी शिकवलीस. पायऱ्यांवर खडे मांडून. सगळ्यांत वरचा खडा रिटायर झाला की खालचे सगळे एकेक पायरी वर. जो आधी भरती झाला तो आधी कॅप्टन. मधल्या काळात नवी विमानं आली तर रांग भराभर सरकते, नाही आली तर माणसं तिथंच म्हातारी होतात. पण कुणी कुणाला ओलांडून जात नाही. मला ते केवढं आवडलं होतं! ज्या तळ्यावर आपल्या आज्या-पणज्यांना पाण्याच्या रांगेतसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं, तिथं बसून तू सांगत होतास की या रांगेत जात विचारत नाहीत, फक्त भरतीची तारीख बघतात. मी त्या रांगेवर डोळे झाकून भरवसा ठेवला. वर्षामागून वर्षं तू सांगत गेलास, "वरचे हलत नाहीत," आणि मी लोकांना सांगत गेले, "वरचे हलत नाहीत." शाळेवरून दुपारी विमान गेलं की पोरं अजूनही ओरडतात, "बाई, तुमचं विमान!" पूर्वी मी त्यांना दटावायचे. आता तेही सोडून दिलंय.

आमच्या घरातही एक सीनिऑरिटी आहे, आणि आई तुमच्या कंपनीहून कडक आहे. थोरली उजवल्याशिवाय धाकटीचा विषय काढायचा नाही. आमच्या बनूसाठी पाचाडच्या चंदूचं स्थळ आलेलं तुला सांगितलंच होतं. तो पोस्टात आहे. मुलगा सरळ आहे, थोडा जास्तच सरळ आहे, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघतो. बनूला तो मनापासून आवडलाय. तिकडची माणसं वर्षभर थांबली. आता म्हणतात, बुद्धपौर्णिमेला होत असेल तर बघा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. बनू तोंडाने म्हणते, "ताई, तुझं सावकाश होऊ दे," आणि मग मोरीत अशी भांडी आपटते की शेजारची बाई कोण आलं बघायला येते. तिचं चुकत नाही. तुझ्या पुढचे हलत नाहीत म्हणून तू हलत नाहीस, तू हलत नाहीस म्हणून मी, आणि मी हलत नाही म्हणून बनू. कुठल्या कोण साहेबाच्या रिटायर होण्यावर पाचाडच्या पोस्टातल्या पोराचं लग्न अडलंय, हे त्या साहेबाला कुणी सांगितलं तर तो काय म्हणेल?

इथवरचं तुला थोडंफार माहीत होतं. आता जे माहीत नाही ते सांगते. महिन्याभरापूर्वीची गोष्ट. शाळा सुटत होती आणि एक गाडी आमच्या फाटकापाशी वाफा सोडत उभी राहिली. नवरा-बायको मुंबईहून महाबळेश्वरला निघाले होते. पुढे घाट, आणि गाडीने इथंच मान टाकली. मी हौदातून बादली भरून दिली. तो बोलका होता. कुठे असता विचारलं, तर म्हणाला, विमानात पायलट, कॅप्टन. कंपनीचं नाव सांगितलं, ती तुझीच. मला राहवतंय होय? विचारलं, आमच्या महाडचा हैबती ओळखता का? आधी त्याला उमजेना. मग एकदम म्हणाला, "हॅरी? अरे, म्हणजे हॅरी! तो तर आम्हाला सीनियर, माझ्या दोन बॅच पुढचा." तुला तिथं हॅरी म्हणतात हे मला नवीन होतं. पण ते राहू दे. तो चेहऱ्यावरून माझ्याहूनही लहान. तुझ्या दोन बॅच मागचा. आणि कॅप्टन.

मी विचारलं, तुम्ही मागचे ना, मग आधी कसे झालात? त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं. त्याची बायको बिचारी सरळपणे बोलून गेली, "गेल्या वर्षी हॅरीची बारी आली होती तेव्हा—" आणि त्याने तिच्याकडे बघून डोळे वटारले. मला म्हणाला, "ते त्याच्याकडूनच ऐका, बाई." मी म्हटलं, त्याचं नका सांगू, नियम सांगा. मागचा पुढे जातो कसा? त्यावर म्हणाला, दोनच प्रकारे. एक तर बारी आल्यावर कॅप्टनच्या परीक्षेत माणूस नापास होतो. नाहीतर तो स्वतःच लिहून देतो, मला इतक्यात कॅप्टन व्हायचं नाही. मग गाडी घाटाच्या रस्त्याला लागली. मी रिकामी बादली धरून फाटकात उभी होते, ती शिपायाने हातातून काढून घेतली.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. भाताला आधण ठेवते आणि तांदूळ घालायला विसरते. गेल्या दिवाळीत तू आलास, आमच्या ओटीवर बसून करंज्या खाल्ल्यास आणि म्हणालास, "वरचे हलत नाहीत." म्हणजे तेव्हा बारी येऊन गेली होती! काशीराम रस्त्यात भेटला आणि "काय कॅप्टनसाहेब!" म्हणाला. इतकी वर्षं तू त्याला थांबवून दुरुस्त करायचास. दिवाळीत केलं नाहीस, नुसता हसलास. मला वाटलं, दमला असेल. आता ते हसू आठवतं आणि मला काही कळेनासं होतं. एकदा वाटतं, नापास झालाय बिचारा, माईकवर बोललेलं त्याला आता गिळता येत नाही. लगेच दुसरं मन म्हणतं, अगं वेडे, चौथी पट्टी लागली की तुझ्याशी लग्न करावं लागेल म्हणून त्याने पट्टीच नको म्हटली. तिथं हॅरी झालेल्या माणसाला पोलादपूरची मास्तरीण कशाला हवी असेल? मग मीच स्वतःला झापते. मग पुन्हा तेच. सकाळी तू एक असतोस आणि दुपारी दुसरा, आणि मी दोघांवरही चिडते. सगळ्यांत वाईट म्हणजे दोघांचीही मला सारखीच आठवण येते.

काल मी आईला सांगून टाकलं, बनूचं आधी होऊ दे, मला ओलांडून जाऊ दे तिला. आई म्हणाली, "लोक काय बोलतील गो? थोरलीत कायतरी खोट हाय, म्हनून ऱ्हायली, असं नाय बोलणार?" बोलू देत म्हटलं. बनू रडली आणि मग गाणं म्हणत भांडी घासायला गेली. बुद्धपौर्णिमेला आमच्याच दारात मांडव पडेल. तुझ्या मागचा तुझ्या पुढे गेला, आता माझ्या मागची माझ्या पुढे चालली. मला वाटलं होतं, फार लागेल. तेवढं लागलं नाही. आणि तेव्हा सुचलं की हे तुला लिहावं.

तर ऐक. मी तुला दोष द्यायला लिहीत नाही, पट्टी कधी लागेल हेही विचारत नाही. तूच बारी सोडली असशील तर लग्नाला येऊ नकोस, कारणही कळवू नकोस. मांडवात तू दिसला नाहीस की मी समजेन, आणि ठकूमावशींना काय सांगायचं ते बघेन. पण नापास झाला असशील, तर ये. टोपी नको, पट्ट्या नकोत, साधा सदरा घालून ये. माझ्या वर्गातही दरवर्षी दोन-चार पोरं नापास होतात. जूनमध्ये त्याच वर्गात आली की त्यांना मीच दारातून हाताला धरून आणते, कारण आत पाऊल टाकणंच त्यांना जड जातं. तुलाही आणीन. माईकवरचं तुझं बोलणं मी मागे घेते, टाळ्या मीही वाजवल्या होत्या, तेवढा हक्क माझा आहे. मांडव एकच राहील, जोडपी दोन उभी राहतील. आपल्या घरांनी नवस-सायास सोडून दिले, त्यामुळे मागायचं तरी कुणाकडे? तरीही गेला महिनाभर मी उठता-बसता एकच मागते आहे. सगळं गाव इतकी वर्षं तू कॅप्टन व्हावास म्हणून वाट बघतंय, आणि मी एकटी वाट बघते आहे की माझा हैबती नापास झालेला असावा.

अजून तरी तुझीच,
मंजुळा