एकशेवीस लेबलं

दुकान, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
मंगळवार, ७ मे १९९६, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. शेवटच्या स्कार्फला लेबल शिवून दोरा तोडला आणि लिहायला बसलो.

ती. आत्यास लेस्टरचा शि. सा. न. वि. वि.

मेलबर्नच्या दुकानासाठीचे एकशेवीस स्कार्फ तयार झाले. रानबटाट्याच्या वेलांचं तुझं चित्र कापडावर छान उतरलंय. लेबलावर तुझं नाव, ‘आयव्ही’, एवढंच, पण ठळक. अक्षरं चार वेळा तपासली. सातवीत शाळा सुटली म्हणून स्पेलिंगावरून मला कोणी हसलेलं खपत नाही, हे तुला माहीत आहे.

तू वस्तीवर बहिणींबरोबर चित्रं काढत बसली आहेस, म्हणून तिथल्या बायकांना वाटायला वीस जादा स्कार्फ आजच्या टपालाच्या विमानाने पाठवतोय. रंग पसंत आहे का, ते कळव. मेलबर्नची पेटी वीस तारखेपर्यंत निघाली नाही तर ऑर्डर जाईल, आणि ऑर्डर गेली तर आपल्या दुकानाचा गाळाही जाईल. तू म्हणशील, लेस्टर झोपेतही तारखा मोजतो. मोजतोच.

तुझ्या मायेतला,
लेस्टर

बुधवार, ८ मे, पहाटे पाच

ती. नंगराई आत्यास शि. सा. न.

काल चार वाजता रेडिओवरून कळलं. तुझ्याच नावाची ती गेली. वस्तीवरच्या बर्नार्डची आई. म्हणून वर तुला कुळाच्या नावाने लिहिलं. तोवर माझी पेटी तिथे उतरून चार तास झाले होते. आत्या, वीस स्कार्फ आणि वीसही स्कार्फांवर ते नाव, ठळक. शोकाला बसलेल्या माणसांच्या मध्ये मी ते पाठवलं. ज्या दिवशी ते नाव कोणी तोंडातून काढू नये, त्याच दिवशी.

वस्तीवरचा फोन बंद आहे. मामांची गाडी आता निघतेय, तिच्याबरोबर ही चिठ्ठी देतो. पेटी उघडली नसेल तर पुरून टाक. उघडली असेल तर मला काय ते लिही, लपवू नकोस. बर्नार्ड काय म्हणाला?

मेलबर्नच्या दुकानाच्या बाईंना फोन केला. त्या गोड बोलल्या, पण म्हणाल्या की चित्रकाराच्या नावाशिवाय माल कोणी घेत नाही. नाव का नको, हे विचारल्यावर मी नुसतं घरचं कारण आहे म्हणालो. त्यांना वाटलं, आपलं भांडण झालंय.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.
लेस्टर

वस्ती, शनिवार, ११ मे

चि. लेस्टरास अनेक उ. आ.

तुझं अक्षर वाकडंतिकडं आलंय, पण चूक एकही नाही. चार दिवसांत तेवढंच हसू आलं.

पेटी पोरांनी उघडली होती. मी पोचेपर्यंत स्कार्फ वाळूवर पसरलेले. बायका मागे सरल्या. बर्नार्डने एक उचलला, वाचला, टाकून दिला आणि गाडीकडे चालू लागला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. माझी चूक नाही हे त्यालाही कळतं, पण त्याचं दुःख आत्ता कोणाचं ऐकत नाही. मलाही इथे आता माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे मला नंगराई म्हणतात, लहान पोरं ‘बिननावाची’ म्हणतात.

मग गेलेलीची म्हातारी आई, बर्नार्डची आजी, पुढे आली. शोकाच्या रीतीप्रमाणे तिचं बोलणं बंद आहे, वर्षभर तरी बंद राहील. तिने स्कार्फ मांडीवर घेतला, लेबलाचा दोरा दातांनी तोडला, लेबल मुठीत ठेवलं आणि स्कार्फ डोक्याला बांधला. मग हातांच्या खुणांनी मला सांगितलं की वेल आपल्या आजोबांच्या जमिनीचा आहे, तो मेलेला नाही. नाव काढ, कापड ठेव. तिचं पाहून बाकीच्या बायकांनीही लेबलं काढली.

म्हणून तूही सगळी काढ. जाळू नकोस, कचऱ्यात टाकू नकोस, गोळा करून ठेव. मेलबर्नला सांग, नाव नाही. घ्यायचं तर घ्या. गाळा जाईल ही भीती मलाही आहे. पण या लोकांत परत बसता आलं नाही, तर मी चित्र काढायचं कुठे?

जेवत जा. नुसत्या चहावर राहू नकोस.
तुझी आत्या

दुकान, सोमवार, २० मे, दुपारी दोन

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

एकशेवीस लेबलं उसवली, दोन बोटं भोसकली. मेलबर्नच्या बाईंना मी अखेर सरळ सांगितलं की आम्हा आदिवासींत कोणी गेलं की त्या नावाच्या जिवंत माणसालाही ते नाव बाजूला ठेवावं लागतं, आणि ते परत कधी घ्यायचं हे गेलेल्याचे लोक ठरवतात. बाई सत्तर घेते म्हणाल्या, पेटी आज सकाळी गेली.

आणि काल बर्नार्ड आला. मी काउंटरमागे उभा. त्याने दुकानाबाहेरच्या पाटीकडे बोट केलं. आत्या, मी लेबलांत इतका गुंतलो होतो की पाटीवर तुझं नाव हातभर अक्षरांत तसंच होतं, आणि बारा दिवस मी त्याखालून ये-जा करत होतो. मला वाटलं, आता हा दुकान बंद कर म्हणणार. त्याने शिडी मागितली. स्वतः वर चढून ते नाव रंगाने झाकलं, दुकानाची बाकी अक्षरं राहू दिली. उतरल्यावर लेबलांची पिशवी मागून घेतली आणि म्हणाला की त्या जागी दुसरं काही लिहू नका, नाव परत कधी लिहायचं ते वर्ष-दोन वर्षांनी मीच येऊन सांगेन. तुला निरोप दिलाय: वस्तीवरून उठून जाऊ नकोस, चित्र अर्धं राहिलंय.

मी दार लावून थोडा रडलो. हे कोणाला सांगू नकोस.

रागावलीस तरी लिहीत जा.
लेस्टर

हिशेब: सत्तर स्कार्फांचे, प्रत्येकी ३८ प्रमाणे, २६६० डॉलर मिळतील. खर्च झाले: लेबलं ९५, रंग ११, पेटीचं टपाल ४२, बर्नार्डच्या गाडीतून म्हातारीला पीठ, चहा आणि ब्लँकेट ११०. देणं: कापड छापणाऱ्याचे १४००, गाळ्याचं दोन आठवड्यांचं भाडं ३२०. उरतील ६८२, आणि पन्नास स्कार्फ, सगळे बिनलेबलाचे.